शेजारचं पातेलं

ही किती वर्षांपूर्वीची गोष्ट, ते मला विचारू नका. तेव्हा वर्षं मोजायला सवड होती कुणाला! उंच डोंगरात एक तळं होतं, तळ्याभोवती गोल अकरा घरं होती, आणि प्रत्येक घरामागे सफरचंदाची झाडं होती. झाडं गुणी होती. माणसंही तशी बरी होती.

त्या गावाची एक रीत होती. दर शुक्रवारी घरोघरी सफरचंदं भाजायची. फार काही कौशल्याचं काम नव्हे हो, तुम्हालाही जमेल. जाड पातेल्यात सफरचंदाच्या फोडी पसरायच्या. त्यावर किसलेला गूळ, मूठभर अक्रोड, चिमूटभर दालचिनी आणि चमचाभर तूप. वरून कणकेची जाडशी पोळी पांघरायची, कडा दाबायच्या, झाकण ठेवायचं. मग खाली निखारे, झाकणावरही निखारे, आणि तोंड मिटून वाट बघायची. कडेने गुळाचा पाक खदखदून वर आला, की झालं.

पण खरी रीत पुढेच होती. आपलं पातेलं आपण खायचं नाही. ते उजव्या हाताच्या घरी नेऊन द्यायचं आणि डाव्या हाताच्या घरून येईल ते आपण खायचं. आलेलं पातेलं चाटूनपुसून रिकामं करायचं आणि मगच परत द्यायचं. आपल्या हातचं तर आपण रोजच खातो, आठवड्यातून एकदा शेजाऱ्याच्या हातचं खावं, एवढाच त्यातला विचार.

या गावात सगुणाकाकू राहायची. हाताला चव, जिभेला धार, आणि एकुलत्या एका लेकीवर जीव. लेक शेवंता लांब खाली नदीकाठी दिली होती. एक दिवस निरोप आला, की शेवंताला दिवस गेलेत, अकरा आठवड्यांनी सातव्या महिन्यात ती माहेरी येणार.

काकू हरखली. नाचायचीच बाकी राहिली! पण लगेच तिच्या मनात आलं, लेक येणार म्हणजे तिला पोचवायला व्याही येणार. परत जाताना त्यांना टोपलीभर सफरचंदं द्यायला हवीत, आणि तीही अशी, की विहीणबाईंनी तोंडात बोट घालावं.

मग काय! काकूने लाल, टपोरी फळं निवडून गवत भरलेल्या पेटीत दडवली. गूळही थोडा बाजूला काढला. त्या शुक्रवारी तिने पातेल्यात सुरकुतलेली, डागाळलेली फळं घातली. गूळ नावाला, अक्रोड नाहीच. वर पोळी मात्र छान गुळगुळीत पांघरली.

"पोळीखालचं कुणाला दिसतंय? आणि एकदाच तर आहे," असं म्हणून तिने पातेलं उजवीकडे गोदाक्काला नेऊन दिलं.

गोदाक्काने पोळी मोडली आणि तिचं तोंडच उतरलं. पण काकूला बोलणार कोण? बोललं तर शेजार तुटतो! त्यापेक्षा सोपं काय? पुढच्या शुक्रवारी गोदाक्कानेही आपली चांगली फळं माळ्यावर ठेवली आणि तसलंच पातेलं तिच्या उजवीकडे दिलं. तिच्या पुढच्या घराने त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेच केलं. बोललं कुणीच नाही. दर आठवड्याला तळ्याकाठचं एकेक घर रुसत गेलं.

इकडे सगुणाकाकू मजेत होती. तिच्या डावीकडचा दगडूबाबा अजून पूर्वीसारखंच भरगच्च पातेलं पाठवत होता. चांगलं खायचं आणि साधंसुधं द्यायचं, याची काकूला सवयच झाली. "एकदाच" म्हणून केलेलं दहादा झालं.

अकराव्या शुक्रवारी व्याह्यांबरोबर शेवंता आली. आली ती गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले.

"अगं बाई, ही काय दशा करून घेतलीस?" काकूने तिला जवळ घेतलं.

"आई, पोटात काही ठरतच नाही गं. भात नको, भाकरी नको. दोन महिने नुसतं शेजारचं पातेलं डोळ्यांसमोर येतंय. ते खाल्लं की मला बरं वाटेल."

"आज शुक्रवारच आहे, राणी. दगडूबाबाचं पातेलं येईलच इतक्यात."

पातेलं आलं. शेवंता मांडी घालून बसली आणि तिने पोळी मोडली. आत सफरचंदाची सालं होती, दोन गाभे होते, आणि मधोमध एक अख्खा मुळा होता. गुळाचा वासही नव्हता.

शेवंताने पातेलं हळूच बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. पोटुशी पोर, दोन महिन्यांची आस लावून आलेली, आणि तिच्यापुढे मुळा! काकूचं काळीज तुटलं. ती पातेलं उचलून तरातरा दगडूबाबाच्या दारात गेली.

"लाज नाही वाटली? पोटुशा पोरीला मुळा चारता?"

"मला काय ठाऊक ती आज येणार!" दगडूबाबा ओशाळला. "गेल्या शुक्रवारी मला असलंच आलं. म्हटलं, मीच का चांगलं द्यावं? हे पलीकडच्यांना विचार."

काकू पलीकडे गेली. पलीकडच्यांनी त्यांच्या पलीकडे बोट दाखवलं. त्यांनी त्यांच्या पलीकडे. काकू पुढे, मागे दगडूबाबा, त्याच्या मागे जो तो आपापल्या दारातून निघालेला. "बघूच या तरी, आधी केलं कुणी!" म्हणत तळ्याभोवती वरातच निघाली म्हणा ना. नुसता सनईवालाच नव्हता.

दहाव्या दारात गोदाक्का उभी होती.

"बोल, तुला असलं पातेलं कुणी दिलं?" काकू गरजली.

गोदाक्काने पदर सावरला. "आता काय सांगू, काकू? तुम्हीच दिलंत. अकरा आठवडे देताय."

पुढचं दार काकूचं स्वतःचं होतं, आणि त्या दारात शेवंता उभी राहून ऐकत होती.

काकूला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण बाई खोटं बोलणारी नव्हती.

"माझंच पाप आहे गं पोरी," ती म्हणाली. "विहीणबाईंपुढे मिरवायचं म्हणून मी चांगली फळं पेटीत दडवली, आणि तुझ्याच तोंडचा घास काढला."

मग ती आपल्या पायरीवर बसली आणि त्या पातेल्यातलं खाऊ लागली. सालं खाल्ली, गाभे चावले.

"पुरे करा हो काकू," गोदाक्का कळवळली.

"आलेलं पातेलं रिकामं करायचं असतं," असं म्हणून काकूने मुळ्याचा मोठा घास घेतला आणि तोंड असं काही वेडंवाकडं केलं, की इतका वेळ रडवेली झालेली शेवंता खुदकन हसली. तिच्यामागून सगळं गाव हसलं.

पातेलं रिकामं झालं. काकू उठली, तिने पेटी ओढत अंगणात आणली आणि पालथी केली. लाल फळांचा ढीग पडला. "ने बाई, गोदाक्का. तुझी अकरा पातेली देणं लागते मी."

गोदाक्का खाकरली. "तशी... माझ्याही माळ्यावर थोडी आहेत."

"थोडी?" गोदाक्काच्या पलीकडचा शेजारी म्हणाला. "माझ्या तर पलंगाखाली पाय ठेवायला जागा नाही!"

त्या संध्याकाळी अकराही घरांत पुन्हा निखारे फुलले. दगडूबाबाचं पातेलं आलं, तेव्हा पोळीच्या कडेने पाक ओघळत होता. शेवंताने तीनदा वाढून घेतलं आणि ते पोटात ठरलं. चौथ्यांदा तिने नुसतं पातेलं चाटलं.

व्याह्यांच्या टोपलीचं काय झालं म्हणता? द्यायला फक्त सुरकुतलेली फळं उरली होती. काकूने तीच नीट निवडली, डाग काढले, हात न आखडता गूळ-तूप घातलं आणि मंद निखाऱ्यांवर जीव लावून भाजली. टोपलीऐवजी ते पातेलंच व्याह्यांबरोबर धाडलं. चार दिवसांनी पातेलं परत आलं. ते इतकं चाटूनपुसून आलं होतं, की घासायची गरजच नव्हती.

तात्पर्य: शेजाऱ्याला जे वाढाल ते फिरत फिरत आपल्याच घरी येतं, आणि ते नेमकं आपल्या लेकरापुढे येतं, म्हणून देताना हात आखडू नये.