कवडीच्या पंखांखालची सशाची पिले

माणसांनी रानाला कुंपण घालण्याच्याही आधी, रानालगतच्या एका वस्तीवर कवडी नावाची कोंबडी राहत होती. रानातली एक सशीण कोल्ह्याच्या तोंडी गेली, तेव्हा तिची तीन पोरकी पिले कवडीने आपल्या पंखांखाली घेतली.

पिले दूध शोधत तिच्या पोटाखाली नाके खुपसू लागली. कवडीला अशा गुदगुल्या झाल्या की ती कधी उडे, कधी गोल फिरे आणि हसून हसून तिचा तुरा लटपटे.

"अगं कवडी, त्यांना दूध हवे आहे," तांबू शेळी म्हणाली. "माझ्याकडे आण."

"दूध? माझ्या एकाही पिलाने आजवर दुधाचे नाव काढले नाही! असले लाड माझ्यापाशी चालायचे नाहीत." कवडीने पिलांपुढे एक लठ्ठ अळी टाकली. "खा रे, आळशांनो!"

सांज झाली तशा गुदगुल्या थांबल्या. कवडीने पंख उचलून पाहिले, तर पिले भुकेने माना टाकून पडली होती. तिचे हसू तिथेच विरले. ती धावत शेळीपाशी गेली. "तांबूताई, लवकर चल. हे एकटीने व्हायचे नाही."

तांबू आली आणि पिलांपाशी आडवी झाली. पिले आचळांना लुचू लागली, तशी शेळीच हसत सुटली आणि पाय झाडू लागली. "हलू नकोस गं, सुटेल त्यांच्या तोंडातून!" म्हणत कवडीने पिलांवर पंख पसरले आणि तीही खिदळू लागली.

हा गोंधळ ऐकून कोंबडा आला. "अहो, पण ही पिले नक्की कोणाची?"

कवडी म्हणाली, "ज्याने ऊब माझ्यापाशी ठेवली आणि दूध हिच्यापाशी, त्याची."