वातीचा कापूस

बारशाला लेकीचं नाव घेताना इंग्रज हेलनच्या तोंडून ‘पल्लवी’चं ‘फल्लवी’ झालं. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेले चुलतसासरे दाजीकाका गरजले, “प आणि फ मधला फरक न कळणारे कान! सूनबाई, तू पाळण्याशी गप्पच बस.”

हेलनचे डोळे भरले. तरी तिनं निरांजनाच्या वातीचा कापूस तळहातावर घेतला आणि ओठांशी नेला. ‘पिन’ म्हणताच तो उडाला. ‘स्पिन’ला जागचा हलला नाही. मग तिनं तो काकांपुढे धरला. त्यांच्या दोन्ही शब्दांना कापूस ढिम्म!

“काका, आमचा एकच प असा दोन तऱ्हांनी निघतो: शब्दाच्या सुरुवातीला फुंकरीसकट, तुमच्या फ सारखा; स नंतर फुंकरीविना. तुम्हाला तो फरक कधी ऐकू आला नाही, तरी तुमचं इंग्रजी मला गोडच लागतं.”

काका ओशाळले. पाळण्याची दोरी तिच्या हाती देत म्हणाले, “म्हण बाई, ‘फल्लवी’च म्हण. पोरीला कळतंय, आई हाक मारतेय.”