दारातला खांब

एका नगरात एक कुंभारीण राहत होती आणि तिच्या ऐन दारात विजेचा एक खांब राहत होता. घर तिच्या आजेसासऱ्यांच्या वेळचं, खांब मात्र कंपनीचा. विजेच्या कंपनीनं नगराशी पंचवीस वर्षांचा करार केला होता. रस्ते नगराचे, खांब नि तारा कंपनीच्या, आणि खांब कुठे रोवायचा ते कंपनी ठरवणार. त्यामुळे बाईला घरातून तिरकं होऊन निघावं लागे. ती कशीबशी निघे, पण रांजण निघत नसे. रांजण घडवण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं, आणि बिचारी पणत्या विकून पोट भरत होती.

कराराची मुदत संपत आली तशी ती नगराध्यक्षांकडे गेली.

"साहेब, खांब गावाला विचारून रोवायचा, एवढी एक ओळ नव्या करारात घाला. आता राहिलं तर पुन्हा पंचवीस वर्षं. तोवर मी कुठली उरते?"

"बघू की," अध्यक्ष म्हणाले.

सभा भरली. विषय दोन होते, नवा करार आणि कंपनीच्या साहेबांचा सत्कार. दुसरा महत्त्वाचा, म्हणून तो आधी घेतला. शाल कुणी घालायची, नारळ कुणी द्यायचा आणि फोटोत साहेबांशेजारी कुणी बसायचं, यात तीन तास गेले. भुका लागल्या. करार तसाच पडून होता.

शेवटी सत्कार झाला. साहेब शाल सावरत म्हणाले, "तुमच्यासाठी काही करू का?"

अध्यक्षांनी आपल्या घरासमोर एक मोठा दिवा मागितला. मग बाकीचे आठही सभासद कसे मागे राहतील?

कुंभारीण दाराशी उभी होती. "साहेब, माझी ओळ?"

"अहो बाई, आत्ताच शाल घातली त्यांना. लगेच अटी घालणं बरं दिसतं का?" असं म्हणून अध्यक्षांनी सही ठोकली.

आठवड्यात नऊ दिवे आले. दिवा काही हवेत लटकत नाही, त्याला खांब लागतो. तार कमी लागावी म्हणून कंपनीनं ते दारांना अगदी खेटून रोवले. सभासद अंग चोरून बाहेर पडू लागले. अध्यक्षांचा देह मात्र भरभक्कम, ते घरातच अडकले. त्यांनी साहेबांना निरोप धाडला. साहेब आले, अध्यक्षांनीच सही केलेला कागद त्यांना दाखवला आणि चहा पिऊन गेले.

मग अध्यक्षांनी खिडकीतून कुंभारणीला हाक मारली. "बाई, तुम्ही इतकी वर्षं कसे दिवस काढलेत हो?"

ती म्हणाली, "त्या दिवशीच्या सभेची वाट बघत काढले, साहेब. ती तुम्ही शालीत घालवलीत. आता तुम्ही वाट बघा."

आणि ती पणत्यांची पाटी घेऊन बाजाराला गेली.

तात्पर्य: सगळ्यांचा रस्ता लिहून देताना आपल्यापुरता दिवा मागू नये. आधी कागद वाचावा, शाल कुठे पळून जात नाही.