भुजंगरावांचं बेटधोरण

तळ्यांवर अजून कुणी मालकी सांगत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्यात घोंगडीएवढं बेट होतं. त्यावर ठकूताई पाणकोंबडी चार अंडी उबवत होती.

पलीकडच्या काठावरच्या हत्तीने बेटाला ऊस धाडल्याचं कळलं आणि अलीकडचे भुजंगराव रेडे बेचैन झाले. त्यांनी कळपाची बैठक घेऊन बेटाशी मैत्रीचं धोरण ठरवलं आणि कडब्याची पेंढी शिंगांवर घेऊन स्वतः पाण्यात उतरले. तळं फुगलं. ठकूताईने घाईघाईने अंडी वर लोटली.

“ताई, आणखी काय हवं ते सांगा.”

“कडबा आम्ही खात नाही. तुम्ही पाण्यात उतरलात की आमचं बेट बुडतं, तेवढं बघा.”

“बेट बुडतं?” भुजंगरावांना गहिवरून आलं. त्यांनी काठाकडे हाक दिली, “चला रे, बेट वाचवायला चला.”

सगळा कळप मदतीला पाण्यात शिरला.

बेटावर बोटभर कोरडी जागा उरली नाही. कोरडी होती ती फक्त भुजंगरावांची पाठ. ठकूताईने तिच्यावर कडबा पसरला, चारही अंडी ढकलत नेली आणि पिसं फुलवून वर बसली.

“ताई, हे किती दिवस?” भुजंगरावांनी मान न हलवता विचारलं.

“तीन आठवडे. माशी बसली तरी शेपूट हलवायची नाही,” ठकूताई म्हणाली. “आणि बाकीच्यांना सांगा, मैत्री काठावरूनच करा.”