पान चारशे बारा

चारशे बाराव्या पानावरचा निकाल उद्या दुपारी चारपर्यंत टेबलावर हवा, नाहीतर सोमवारपासून ग्रंथालयाला कुलूप, असं ठोसर वकिलांनी सांगून टाकलं. अडचण एवढीच होती, की निकालांच्या त्या छापील खंडाला पानंच तीनशे ऐंशी होती.

पुरुषोत्तम ठोसर हे अमरावतीतले नावाजलेले वकील. हाताखाली अकरा वकील, आणि आवाज असा, की त्यांचे युक्तिवाद फाटकाबाहेरच्या चहावाल्यालाही पाठ झालेले. त्यांच्या कार्यालयातलं कायद्याचं ग्रंथालय कुंदा तायवाडे सांभाळत. कपाटातली पुस्तकं तर त्यांच्याकडे होतीच, पण निकाल शोधायची संगणकावरची सगळी साधनंही त्याच बघत. कुठला निकाल अजून कायम आहे आणि कुठला वरच्या कोर्टाने फिरवला, हे त्या चहा निवायच्या आत सांगत.

दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी पुण्याच्या एका प्रदर्शनातून नवा प्रोग्राम आणला होता. त्याला साध्या मराठीत प्रश्न विचारायचा, की तो निकालाचं नाव, वर्ष, खंड, पान असं सगळं धडाधड सांगायचा. कुंदाताईंनी तो पहिल्याच आठवड्यात तपासला आणि सांगितलं, की हा बोलतो छान, पण उत्तर माहीत नसलं तर गप्प बसत नाही, रचून देतो. साहेबांनी ते कानाआड केलं.

आता सोमवारी वाघोडी तलावाच्या मच्छीमार संस्थेचा खटला होता. त्या तलावावर साठ घरं जगत होती आणि त्यांचा मासेमारीचा ठेका काढून बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचा घाट घातला गेला होता. साहेबांनी प्रोग्रामला विचारलं. त्याने याच खटल्यासाठी लिहावा असा निकाल काढून दिला, पान चारशे बारा.

कुंदाताईंनी तो खंड साहेबांपुढे उघडून ठेवला. साहेब म्हणाले, बायंडिंगवाल्याने पानं गाळली असतील. मग कुंदाताईंनी न्यायालयाच्या संकेतस्थळावरही तो निकाल नसल्याचं दाखवलं. तिथे जुनं सगळं कुठे चढवलंय, असं साहेबांचं उत्तर तयार होतं.

"साहेब, आहे ते दाखवता येतं. नाही ते कसं दाखवू?"

"ते तुमचं काम. चूक माणसं करतात, कुंदाताई. यंत्र चूक करत नाही."

बाहेर बाकावर संस्थेच्या अध्यक्षा पार्वताबाई बसल्या होत्या. आपल्या बाजूचा निकाल सापडला ना, असं त्यांनी विचारलं. कुंदाताईंना हो म्हणवेना आणि नाही म्हणायला जीभ रेटेना. नोकरी गेली तर दुसरी मिळाली असती. पण खोटा निकाल कोर्टात पकडला गेला, की या बाईंचा खरा मुद्दाही कोणी ऐकून घेणार नव्हतं. कुंदाताई ग्रंथालयात गेल्या, दार लोटलं आणि शिडीवर चढल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्या दोन कागद घेऊन साहेबांच्या खोलीत आल्या. अकराही वकील काही ना काही कामाचं निमित्त काढून तिथेच रेंगाळत होते.

"सापडला निकाल?" साहेबांनी विचारलं.

"एक सापडला, साहेब. पण तो तुमच्याविरुद्धचा आहे. तुमच्याच प्रोग्राममधून काढलाय."

त्यांनी पहिला कागद वाचून दाखवला. निकाल उच्च न्यायालयाचा, दोन वर्षांपूर्वीचा. वकील पुरुषोत्तम ठोसर यांनी न्यायाधीशांची गाडी लावायच्या जागेवर म्हैस बांधली आणि ती सोडायला नकार दिला, म्हणून त्यांना पाच वर्षं कुठल्याही न्यायालयात उभं राहायला मनाई. खंड होता, पान होतं, दोन न्यायमूर्तींची नावं होती. शेवटी न्यायालयाचा शेराही होता, की म्हशीचं वर्तन शांत व सहकार्याचं होतं, वकिलांचं तसं नव्हतं.

मागे कोणालातरी खोकल्याची उबळ आली. साहेबांचा चेहरा लाल झाला.

"मी जन्मात म्हैस पाळली नाही!"

"मला माहीत आहे. ठोसर वकिलांवर म्हशीपायी बंदी आली तो निकाल कोणता, एवढंच मी त्याला विचारलं. बाकी सगळं त्याने सांगितलं."

"मग हे साफ खोटं आहे."

"असं कसं म्हणता, साहेब? यंत्र चूक करत नाही. हा निकाल खरा असेल, तर सोमवारी तुम्हाला कोर्टात उभं राहता येणार नाही. आणि तुम्ही उभे राहणार असाल, तर पान चारशे बारा कुठेच नाही. काय ते तुम्ही सांगा, मी तशी नोंद करते."

साहेबांनी कागद ओढून घेतला, पुन्हा वाचला, म्हशीच्या वर्तनापाशी येऊन थांबले. आधी त्यांच्या मिश्या हलल्या, मग पोट, आणि मग ते असे हसत सुटले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. चहावाला फाटकातून डोकावून गेला.

हसू ओसरल्यावर कुंदाताईंनी दुसरा कागद पुढे केला. तलावावर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय ठेका काढता येत नाही, असं सांगणारा एक जुना, दीड पानाचा, रुक्ष निकाल. तो खरोखरच खंडात छापलेला होता आणि कोणी फिरवलेला नव्हता. सोमवारी साहेब तेवढं दीड पान घेऊन उभे राहिले. जेवणाच्या सुट्टीआधीच न्यायालयाने ठेका काढायला स्थगिती दिली. पार्वताबाईंनी कोर्टाच्या पायऱ्यांवरूनच गावाला फोन लावला.

संध्याकाळी साहेबांनी कुंदाताईंना बोलावून काय हवं ते मागा म्हटलं. त्यांनी मागितलं, की माझ्या सहीशिवाय एकही निकाल या कार्यालयातून कोर्टात जाऊ नये.

"माझासुद्धा?"

"तुमचा सगळ्यात आधी."

साहेब पुन्हा खो खो हसले. त्यांनी तिथल्या तिथे स्वतःच्या हाताने हुकूम लिहिला, खाली पगारवाढीची ओळ घातली, झोकात सही केली आणि कागद पुढे सरकवला. कुंदाताईंनी तो शांतपणे वाचला आणि परत साहेबांच्या हातात दिला.

"सगळं बरोबर आहे, साहेब. फक्त तारीख कालची पडलीय."