टर्बोचा जोर

घाटात डांबरी रस्ता नव्हता, तेव्हाची गोष्ट. बाबूमिस्त्रींनी एका जुन्या डिझेल जीपला नवा टर्बो बसवला. टर्बोला आपल्या जोराचा भारी अभिमान. एकदा अडलेल्या बाळंतिणीला घेऊन जीप घाट चढू लागली, तसा तो इंजिनात हवा कोंबू लागला.

“पोरा, दमानं घे,” म्हातारा रेडिएटर म्हणाला. “माझं पाणी उकळायला लागलंय.”

“उशीर झाला तर, आबा?”

“बंद पडलो तर पोचणारच नाही.”

टर्बोने निमूटपणे जोर कमी केला. जीप हळूहळू, पण न थांबता दवाखान्यात पोचली. थोड्याच वेळात आतून बाळाचं रडणं ऐकू आलं.

पुढे मिस्त्रींनी रेडिएटरला मोठा पंखा जोडला. तरीही प्रत्येक चढाला टर्बो आधी विचारतो, “आबा, लावू का जोर?”