झिपरी खार आणि पाटाखालचं लाल फळ

चिखलदऱ्याच्या डोंगरात होता एक कॉफीचा मळा. मळ्यात राहायची एक खार. तिची शेपूट सदा विस्कटलेली. म्हणून सगळे तिला म्हणायचे झिपरी.

एकदा झिपरीला सापडलं कॉफीचं फळ. लाल लाल, गोल गोल. मळ्यातली फळं तोडून झाली होती. हे एकच उरलं होतं. गुपचूप खावं की नाही? छे! बाईसाहेब लागल्या मिरवायला. फळ उडवलं, झेललं. उडवलं, झेललं. उडवलं आणि... टप्प!

गड गड गड गड! फळ गेलं थेट मळ्यात राहणाऱ्या फुलवंती मावशीच्या पाटाखाली. आणि पाटावर कोण? मावशी! चुलीपुढे ऐसपैस बसलेली.

झिपरी म्हणाली,
"मावशी मावशी, ऊठ ना!
माझं लाल फळ मला मिळेना!"

मावशीने दिली मोठी जांभई. "आऽऽऽ! कॉफी प्यायल्याशिवाय मी नाही उठायची. पूड संपली बघ. जा, जात्याला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु, झिपरी गेली जात्याकडे.
"जात्या जात्या, फिर ना!
मावशी उठेना,
माझं लाल फळ मला मिळेना!"

जातं म्हणालं, "घर्रर्र! मी नाही फिरायचं. भाजलेल्या बिया कुठायत? जा, कढईला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु, झिपरी गेली कढईकडे.
"कढई कढई, भाज ना!
जातं फिरेना, मावशी उठेना,
माझं लाल फळ मला मिळेना!"

कढई म्हणाली, "ठण्ण! मी नाही भाजायची. बियांची टरफलं कोण काढणार? जा, उखळाला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु, झिपरी गेली उखळाकडे.
"उखळा उखळा, कांड ना!
कढई भाजेना, जातं फिरेना, मावशी उठेना,
माझं लाल फळ मला मिळेना!"

उखळ म्हणालं, "धुम्म! मी नाही कांडायचं. ओल्या बियांचा लगदा होईल, लगदा! जा, बियांनाच सांग."

तुरुतुरु तुरुतुरु, झिपरी गेली खळ्यावर. तिथे बिया पसरल्या होत्या.
"बियांनो बियांनो, वाळा ना!
उखळ कांडेना, कढई भाजेना, जातं फिरेना, मावशी उठेना,
माझं लाल फळ मला मिळेना!"

बिया खिदळल्या, "खी खी खी! आमची साल काढली. आम्हाला भिजवलं. चोळून चोळून आंघोळ घातली. आता अंग ओलं आणि ऊन नाही! आम्ही नाही वाळायच्या. जा, ढगाला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु, झिपरी चढली उंच झाडावर.
"ढगा ढगा, सरक ना!
बिया वाळेनात, उखळ कांडेना, कढई भाजेना, जातं फिरेना, मावशी उठेना,
माझं लाल फळ मला मिळेना!"

ढग म्हणाला, "फुस्स! मी नाही सरकायचा. मला काय पाय आहेत? जा, वाऱ्याला सांग."

वारा झोपला होता झाडाच्या ढोलीत. घुर्रर्र... फूऽऽ. घुर्रर्र... फूऽऽ.
"वाऱ्या वाऱ्या, वाह ना!
ढग सरकेना, बिया वाळेनात, उखळ कांडेना, कढई भाजेना, जातं फिरेना, मावशी उठेना,
माझं लाल फळ मला मिळेना!"

वारा म्हणाला, "मी नाही वाहायचा. मी झोपलोय."
"मग बोलतोस कसा?"
"झोपेत बोलतोय!"

अस्सं काय? झिपरीने आपली शेपूट घेतली. हळूच वाऱ्याच्या नाकात घातली. गुदूगुदू, गुदूगुदू.

"आँ... आँ... आँक्छीऽऽऽ!"

भुर्रकन ढग सरकला. लख्ख ऊन पडलं. बिया वाळल्या, खुळखुळ. उखळ कांडू लागलं, धुम धुम. कढई भाजू लागली, तड तड. कसला वास सुटला, घमघम! जातं फिरलं, घर्र घर्र. मावशीने कॉफी केली, गूळ घातला. फुर्रर्र! फुर्रर्र!

"हां! आता कसं!" म्हणत मावशी उठली. तिनं पाट उचलला.

तिथे होतं लाल लाल फळ! झिपरीने झडपच घातली. गोड साल खाल्ली. गोड गर चाटला. मग उरली टणक बी.

"थू!"

टुक्क! बी पडली मावशीच्या पेल्यात.

"अगं बये! हे गं काय?" मावशी ओरडली.

झिपरी म्हणाली, "मावशी, गोड गोड माझं. बी तुझी. कर तिची कॉफी!"

आणि तुरुतुरु तुरुतुरु, पळाली की! मावशी बसली पेल्यात बघत, आणि झिपरी बसली झाडावर पोट चोळत.